उरलेला दात

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'धातू' हा विषय ठरवला तेव्हा त्यांच्या मनात तांबट आळी, सराफ बाजार, फार तर एखादा बिडाचा कारखाना असणार. मला ट्रॉम्बे आठवलं. मानखुर्दहून ट्रॉम्बेची बस अणुशक्तिनगर मागे टाकून चिता कॅम्पच्या गर्दीत शिरते. तिथल्या एका दवाखान्याच्या पाटीवर 'रूट कॅनल, कॅप, झिर्कोनिया' असं तीन लिप्यांत लिहिलेलं आहे: मराठी, उर्दू आणि तमिळ. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई माझ्या ओळखीच्या. 'धातूवर लिहायचंय,' म्हटल्यावर त्या हसल्या. 'इथे धातू नकोच म्हणून भांडतात सगळे. सगळ्यांना पांढरं पाहिजे.'

तरी मी एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात एकेक गोष्ट कळत गेली.

भिंतीच्या अलीकडे, पलीकडे

ट्रॉम्बेचा आणि झिरकोनियम या धातूचा संबंध दाताच्या कॅपपेक्षा बराच जुना आहे. १९५६ च्या ऑगस्टमध्ये इथे 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. पुढे वीज बनवणाऱ्या भट्ट्या उभ्या करायच्या तर युरेनियमच्या गोळ्या भरायला नळ्या लागणार होत्या. या नळ्यांनी गरम पाण्यात गंजायचं नाही आणि न्यूट्रॉनही गिळायचे नाहीत, अशी दुहेरी अट असते. झिरकोनियमचे मिश्रधातू ती पाळतात. अडचण एवढीच की निसर्गात झिरकोनियम एकटं सापडत नाही. हाफ्नियम नावाचं, रासायनिक वागणुकीत जवळजवळ तसंच असलेलं मूलद्रव्य त्याच्यात मिसळलेलं असतं आणि ते झिरकोनियमच्या शेकडो पट न्यूट्रॉन खातं. म्हणून भट्टीच्या कामासाठी हाफ्नियम दहा लाखांत शंभर भागांच्याही खाली आणावं लागतं. १९७१ साली हैदराबादला न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स उभं राहिलं ते ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळांत जमलेल्या विद्येवर. कच्चा माल म्हणजे समुद्रकाठची झिरकॉनची वाळू. ती केरळात चवऱ्याला मिळते, ओडिशात छत्रपूरला मिळते, तमिळनाडूच्या टोकाला मणवाळकुरिचीलाही मिळते.

याच धातूला ऑक्सिजन चिकटला की होतो तो झिर्कोनिया. भट्टीतल्या नळीवर पाण्यामुळे जो थर चढतो तोही झिर्कोनियाच, आणि दाढेवर बसते ती पांढरी कॅपही झिर्कोनियाचीच. दातांच्या झिर्कोनियात मात्र हाफ्नियम काढायची तसदी कोणी घेत नाही. तोंडात न्यूट्रॉन मोजायचे नसतात, त्यामुळे एक-दोन टक्के हाफ्नियम तिथे सुखाने नांदतं.

अणुसंशोधन केंद्राच्या भिंतीचा आणखी एक इतिहास आहे. आज जिथे चिता कॅम्प आहे तिथली माणसं पूर्वी जनता कॉलनीत राहत. ती जागा अणुसंशोधन केंद्राला हवी होती. १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीत, अख्खी वस्ती उचलून इथे आणून टाकली. याविरुद्धच्या लढ्यातून पुढे आलेले जॉकिन अर्पुतम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरबाईंच्या खुर्चीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी अनेकांना ते दिवस आठवतात. एकाने मला दाताचं सोडून तेच सांगितलं, आणि नंबर आला तेव्हा मागच्याला पुढे पाठवलं.

तीन बोटं

कॅप बसवायची म्हटल्यावर पेशंट आधी विचारतो, 'कितीची?' दुसरा प्रश्न, 'कोणती चांगली?' डॉक्टरबाई दोन्हींना उत्तर देत नाहीत. त्या म्हणतात, 'तोंड उघडा. स्वतःची तीन बोटं उभी घालून दाखवा.'

मी बसले होते त्या संध्याकाळी ट्रॉम्बे डेपोजवळचा एक रिक्षावाला आला. वय तिशीच्या आतबाहेर. जेमतेम दोन बोटं जात होती. गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं, ताठ. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. साध्या सुपारीवर नाही, आणि हा रोग मुख्यतः सुपारीचा. गालाखालच्या ऊतींत दोरखंड तयार होतात आणि जबडा हळूहळू उघडेनासा होतो. त्याला शेवटच्या दाढेवर झिर्कोनिया हवी होती, कारण मेव्हण्याने बसवली होती. बाईंनी दात कापायच्या एअररोटरचं डोकं, त्यात बसलेली बर आणि त्याच्या दोन दाढांमधली फट, तिन्ही त्याला आरशात दाखवली. यंत्र आत जाईना, मग दाढेचं वरचं अंग कापणार कसं? जमलंच तर धातूची कॅप, कारण तिला जागा कमी लागते. त्याआधी परळला टाटा हॉस्पिटलमध्ये गाल तपासून घ्यायचा. चिठ्ठी लिहून देताना त्या पहिल्यांदा जरा आवाज चढवून बोलल्या.

त्याच्यानंतर कोळीवाड्यातल्या एक मावशी. कानात जड कुड्या, हिरड्यांवर काळपट झाक. मशेरी. तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखू बोटाने दातांवर घासायची सवय कोळीवाड्यातल्या जुन्या बायांमध्ये अजून आहे. त्या घासण्याने हिरडीजवळ दात खोलगट झिजतो, हिरडी मागे सरकते, मुळाचा भाग उघडा पडतो. कॅपची कड नेमकी तिथे बसवायची असते.

'बाई, दात काढू नका. म्हावरं कशाने खाऊ?'

'नाही काढत मावशी. पण मशेरी ठेवलीत तर मी काय करणार?'

'कमी करते,' मावशी म्हणाल्या. बाईंनी ते ऐकल्यासारखं केलं आणि आधी दात साफ करायची तारीख दिली. हिरडीतून रक्त येत असताना माप घेतलं तर कडच उमटत नाही. कॅप कुठल्या पदार्थाची, हा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

कापून उरतं ते

रूट कॅनल झालेल्या दाढेचा आतला बराच भाग किडीने आणि मग कामाने गेलेला असतो. वरच्या भिंती उरतात आणि चावताना त्या बाहेर फाकतात. कॅप त्यांना घेरून एकत्र धरते. म्हणून रूट कॅनलनंतर मागच्या दातांवर कॅप बसवतात. पण घेरायला काहीतरी उभं असावं लागतं. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर निरोगी दाताची पट्टी मिळाली तर कॅप टिकते. ती नसेल तर आत मुळात कितीही मजबूत पोस्ट, म्हणजे खुंटी, ठोका, काही वर्षांत कॅप पोस्टसकट हातात येते किंवा मूळच उभं चिरतं. ही पट्टी आहे की नाही हे एक्स-रे आणि प्रोब घेऊन पाहणं हा कॅप निवडीतला पहिला आणि मोठा भाग. पदार्थ त्यानंतर.

मग कापायचं. धातूच्या कॅपला बाजूने अर्धा मिलिमीटरही पुरतो. झिर्कोनियाला वरून एक ते दीड मिलिमीटर लागतं. धातूवर पोर्सिलीन चढवलेल्या, जिला सगळे 'सिरॅमिक कॅप' म्हणतात तिला, वरून दीड ते दोन. आत धातू, त्यावर धातूचा काळेपणा झाकणारा थर, त्यावर दातासारखं दिसणारं पोर्सिलीन, एवढ्या सगळ्यांना जागा हवी. दात पुरेसा कापला नाही तर लॅबवाला एकतर कॅप जाड करतो, मग ती चावताना 'हाय', म्हणजे उंच, लागते, किंवा पोर्सिलीन पातळ करतो आणि ते वर्षभरात टवका उडून जातं. पेशंट म्हणतो माल खराब होता.

दाताच्या भिंतींचा उतार हेही असंच नाजूक प्रकरण. एकात एक ठेवलेले स्टीलचे पेले आठवा: जवळजवळ उभ्या भिंतींचे पेले एकमेकांत घट्ट अडकतात, पसरट तोंडाचे सहज निघतात. पुस्तकात दोन्ही भिंतींमधला कोन सहा अंशांच्या आसपास सांगतात. प्रत्यक्ष तोंडात, मागच्या दाढेपाशी, लाळ, जीभ आणि घाबरलेला पेशंट यांच्यामध्ये तो दहा ते वीस अंशांपर्यंत जातो. त्यापुढे गेला की कॅप फक्त सिमेंटच्या भरवशावर. बुटक्या दाढांवर हे जास्त बाधतं, आणि सुपारी चघळून सपाट झालेल्या दाढा बुटक्याच असतात.

एअररोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. त्याच्यासोबत पाण्याचा फवारा सतत हवा. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात दाताच्या आतलं तापमान साडेपाच अंशांनी वाढलं तेव्हा सुमारे पंधरा टक्के दातांचा जीव परत आला नाही. रूट कॅनल न झालेल्या, जिवंत दातावर कॅप करताना हा आकडा लक्षात ठेवावा लागतो. बाईंकडे पाण्याचा दाब उन्हाळ्यात कमी होतो, म्हणून कंप्रेसरशेजारी वेगळी टाकी ठेवली आहे. पाणी नाही तर कापायचं नाही, असा दवाखान्याचा नियम.

कापून झाल्यावर हिरडीत बारीक दोरा दाबतात, ती थोडी मागे सरली की पुट्टी आणि पातळ सिलिकॉनने माप घेतात. मग तात्पुरती प्लास्टिकची कॅप. पुष्कळ पेशंट इथेच गळतात. तात्पुरती बसली, दुखणं थांबलं, दात दिसायला बरा. मग गावाला जातात आणि चार महिन्यांनी येतात, तोवर शेजारचे दात सरकलेले असतात. 'मॅडम, दर्द नहीं है अब, कैप रहने दो' हे वाक्य मी तिथे बसल्या बसल्या ऐकलं, आणि बाईंच्या चेहऱ्यावरून ते रोजचं असावं.

या गळतीची किंमत मोजलेली आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या २००२ सालच्या एका अभ्यासात रूट कॅनलनंतर कॅप न बसवलेले दात, बसवलेल्यांच्या सहापट वेगाने गमावलेले आढळले. रूट कॅनलवर पैसे खर्चून कॅपवर हात आखडता घेतला की बऱ्याचदा दोन्हींचे पैसे बुडतात.

गोवंडीचा गाळा

कॅप दवाखान्यात बनत नाही, हे निम्म्या पेशंटांना ठाऊक नसतं. मापाचा डबा घेऊन एक पोरगा हार्बर लाइनने लॅबमध्ये जातो. ही लॅब गोवंडीत एका औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात आहे. आठ-दहा माणसं, भिंतीला लावलेली बाकं, प्रत्येकापुढे दिवा आणि भिंग. एका बाजूला जुनं जग: मेणाचा दात कोरायचा, तो साच्याच्या लगद्यात बंद करायचा, मेण जाळून काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू फिरवून घालायचा. दाताच्या कामात ही पद्धत १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम टॅगर्टने रूढ केली. मूर्तिकारांना ती हजारो वर्षं माहीत होती.

दुसऱ्या बाजूला काचेच्या पेटीत मिलिंग मशीन. झिर्कोनियाची खडूसारखी मऊ चकती कापून त्यात दात कोरला जातो, पण खऱ्या मापापेक्षा मोठा. मग भट्टीत साडेचौदाशे ते साडेपंधराशे अंशांना भाजला की तो साधारण पाचव्या भागाने आक्रसून नेमक्या मापाला येतो. किती आक्रसणार, हे प्रत्येक चकतीवर छापलेलं असतं. तो आकडा संगणकात चुकीचा घातला तर कॅप बसणार नाही. भट्टीत चूक झाली तर पुढे काय होतं याचा एक इशारा दातांच्या बाहेरचा आहे. २००१ साली कृत्रिम खुब्यासाठी बनवलेले झिर्कोनियाचे शेकडो गोळे थोड्याच काळात फुटले. कंपनीने भाजायची भट्टी बदलली होती, एवढंच कारण निघालं.

झिर्कोनिया चिवट का, याचं उत्तर सुंदर आहे. शुद्ध झिर्कोनियाचे कण ११७० अंशांच्या वर एका रचनेत असतात, थंड झाल्यावर दुसऱ्या, जास्त जागा घेणाऱ्या रचनेत जातात आणि वस्तू तडकते. त्यात थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळलं की गरमपणीची रचना थंडीतही टिकून राहते. पुढे कधी तडा जाऊ लागला, तर तड्याच्या टोकाशी ताणलेले कण रचना बदलतात, चार-पाच टक्के फुगतात आणि तडा दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या तीन संशोधकांनी 'नेचर'मध्ये हे मांडलं तेव्हा मथळा होता 'सिरॅमिक स्टील?' यट्रियम जास्त घातलं की झिर्कोनिया पारदर्शक, दातासारखी दिसते, पण फुगून तडा दाबणारे कण कमी होतात. 'जास्त नॅचरल दिसणारी झिर्कोनिया' म्हणजे थोडी कमी चिवट झिर्कोनिया. समोरच्या दाताला चालते. रात्री दात खाणाऱ्या माणसाच्या दाढेला मी तरी घेणार नाही.

लॅबच्या मालकांची तक्रार एकच. 'कड दिसत नाही,' ते म्हणाले आणि मापाचा एक नमुना भिंगाखाली धरला. हिरडीजवळ सिलिकॉन फाटलेलं होतं, रेषा मध्येच नाहीशी झालेली. 'आता मी काय करू? फोन केला तर डॉक्टर म्हणतात, बघा जमतंय का. मग आम्ही अंदाजाने रेषा ओढतो.' त्या अंदाजाच्या जागेतून पुढे लाळ आत जाते, कीड लागते, आणि आठ-दहा वर्षं टिकायची ती कॅप तिसऱ्या वर्षी निघते. शेजारच्या टेबलवर दुसऱ्या एका डॉक्टरांची मापं होती. सगळी स्वच्छ, कड उजळ. 'यांच्याकडून परत येत नाही काही,' मालक म्हणाले. दोघांना एकाच दराने बिल जातं.

गाळ्यात धूळ होती. धातू घासणाऱ्या मुलाने तोंडाला रुमाल बांधला होता. निकेल-क्रोमियमच्या काही मिश्रधातूंत ओतकाम सोपं व्हावं म्हणून बेरिलियम घालत, आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करू शकते. आता आंतरराष्ट्रीय मानकाने त्याची मर्यादा जवळजवळ शून्यावर आणली आहे. खाडीपलीकडे वाशीला अणुऊर्जा खातं हेच बेरिलियम बंद कपाटांतून, हवा खेचणाऱ्या नळ्यांखाली हाताळतं. गोवंडीच्या मालकांनी मला धातूच्या खोक्यावरची 'बेरिलियममुक्त' ही अक्षरं अभिमानाने दाखवली. रुमाल मात्र रुमालच होता, आणि घासण्याची बारीक धूळ कुठलीही असो, फुप्फुसाला मानवत नाही.

रंगाची भानगड राहिली. सोळा छटांची पट्टी दातापाशी धरून छटा ठरवतात. आपल्याकडे ए-टू, ए-थ्री सगळ्यांत जास्त. ट्यूबलाइटखाली ठरवलेली छटा उन्हात वेगळी दिसते, म्हणून बाई पेशंटला दारात उभं करतात. खरा दात अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. पोर्सिलीनलाही तशी चमक यावी म्हणून एकेकाळी त्यात अत्यल्प युरेनियम घालत. ती प्रथा कधीच बंद झाली, पण ट्रॉम्बेत ही गोष्ट सांगितल्यावर अणुशक्तिनगरातले एक निवृत्त गृहस्थ खुर्चीतच इतके हसले की बाईंना एअररोटर बाजूला घ्यावा लागला.

साखरपुड्याआधी

कॅपच्या पेशंटांत सगळ्यांत घाईची असतात ती साखरपुडा ठरलेली मुलं-मुली. त्यांना व्हेनियर हवी असते, म्हणजे समोरच्या दातांवर चिकटवायचा पोर्सिलीनचा पापुद्रा. १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या चार्ल्स पिंकस यांनी नटनट्यांसाठी असे पापुद्रे केले, पण ते कवळीच्या पावडरीने फक्त शूटिंगपुरते चिकटत. दाताच्या इनॅमलवर आम्ल लावून त्यावर प्लास्टिक घट्ट धरतं हे १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी दाखवलं, आणि १९८० च्या दशकात पोर्सिलीनही तसंच कोरून चिकटवता येऊ लागलं, तेव्हा कुठे व्हेनियर कायमची झाली.

सगळी भिस्त इनॅमलवर. समोरच्या दाताच्या हिरडीजवळ ते अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असू शकतं. त्यात बसेल एवढंच कापायचं, खाली पिवळसर डेंटिन लागलं की चिकट कमी. व्हेनियरसाठी दाताचा तीन ते तीस टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी त्रेसष्ट ते बहात्तर, असं एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये दात तोलून काढलेलं आहे. तरी 'स्माइल डिझाइन'च्या नावाखाली वेडेवाकडे पण निरोगी दात खुंटासारखे कापून वर कॅपा चढवणारे दवाखाने मुंबईत आहेत. मला हे काम म्हणजे लूट वाटते. वाकडे दात तारेने सरळ होतात. वेळ लागतो, पण त्यासाठी साखरपुडा पुढे ढकलावा लागत नाही. पंचविशीत बसवलेली कॅप पन्नाशीपर्यंत एक-दोनदा तरी बदलावी लागणार, आणि दर वेळी खालचा दात आणखी थोडा जाणार. ही गोष्ट जाहिरातीत नसते. बाई अशा मुलांना आधी दात पांढरे करायचा साधा उपाय सुचवतात, तो नको असेल तर दाताला हात न लावता पदर चढवायचा कंपोझिटचा. निम्मे ऐकतात. बाकीचे वाशीला जातात.

मशेरी लावणाऱ्या किंवा पान खाणाऱ्याला व्हेनियर देऊ नये, असं त्यांचं साधं मत आहे. पोर्सिलीनवर डाग पडत नाही, कडेवर पडतो, आणि वर्षात प्रत्येक दाताभोवती तपकिरी रेघ उमटते.

पैशांचा हिशेब

धातूची साधी कॅप काही हजारांत होते, झिर्कोनियाला तिच्या दोन-तीन पट पडतात. सोन्याची बसवायची तर प्रश्नच मिटला. तोळा लाखाच्या वर गेलाय. तरी दाढेसाठी सोन्याच्या मिश्रधातूइतका गुणी पदार्थ नाही. दात कमी कापावा लागतो, कड पातळ आणि घट्ट बसते, तिच्यावर टेकणाऱ्या दाताला झिजवत नाही. झिर्कोनियाही नीट चकाकवलेली असेल तर टेकणाऱ्या दाताशी बरी वागते. पण 'हाय' लागली म्हणून डॉक्टरने घासली आणि परत पॉलिश केली नाही, तर तोच खरबरीत पृष्ठभाग वरच्या दाढेला कानसेसारखा खातो.

ज्यांना एवढेही पैसे परवडत नाहीत त्यांना बाई दोन पत्ते देतात. मुंबई सेंट्रलचं नायर हॉस्पिटल डेंटल कॉलेज, १९३३ पासून चालू, आणि सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय, जिथे जायला मानखुर्दहून हार्बर लोकल थेट सीएसएमटीला उतरवते. तिथे विद्यार्थी काम करतात, प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात, म्हणून फेऱ्या पुष्कळ. रोजंदारीवरच्या माणसाला फेरी म्हणजे बुडालेला दिवस. दवाखान्यातली महागडी कॅप आणि कॉलेजातली स्वस्त कॅप यांच्या हिशेबात तो दिवसही धरावा लागतो, आणि तो धरल्यावर पुष्कळजण दात काढून मोकळे होतात.

मावशींची दात साफ करायची तारीख पुढच्या आठवड्यात होती. त्या आल्या, मशेरी थोडी कमी केली असं म्हणाल्या, आणि धातूचीच कॅप हवी म्हणून हट्ट धरला. मागची दाढ, कोण बघतंय? बाईंनाही तेच हवं होतं. झिजून बुटकी झालेली ती दाढ, कमी कापावी लागणार. निरोगी दाताची पट्टी तीन बाजूंना दोन मिलिमीटर मिळाली, चौथ्या बाजूला एक. हिरडी तेवढ्या भागात थोडी कापून आणखी एक मिलिमीटर काढायचं ठरलं, आणि माप त्यानंतर सहा आठवड्यांनी.